बेटावरची सुट्टी आणि बेटावरचे पाणी : लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना का लागतो?

नवी दिल्ली : दिवाळी सरली आणि राजधानीवर धुरके दाटू लागले की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील मित्रमंडळींच्या गप्पांत समुद्राचा विषय हमखास निघतो. योगायोग असा, की भारतीय बेटांवरील पर्यटनाचा हंगामही याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. गोवा अनेकदा पाहून झालेला असतो, परदेशवारीचा खर्च सर्वांना परवडणारा नसतो. मग कोणीतरी लक्षद्वीपचे नाव काढतो. निळेशार पाणी, पांढरी वाळू, माडांची सावली यांची छायाचित्रे एकमेकांना पाठवली जातात आणि आरक्षणाच्या टप्प्यावर पहिला प्रश्न उभा राहतो : आपल्याच देशातील बेटावर जायला परवाना कशासाठी?

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात आहे आणि दुसरे त्या बेटांच्या जमिनीखाली. सहलीचा बेत आखणाऱ्यांनी दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

लक्षद्वीपची ओढ का वाढली?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २ आणि ३ जानेवारी २०२४ रोजी लक्षद्वीपला भेट दिली आणि तेथील समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केली. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी केलेल्या अवमानकारक टिप्पण्यांमुळे वाद उसळला आणि त्या तिघांना निलंबित करण्यात आले. भारतात मालदीववर बहिष्कार घालण्याची हाक दिली गेली. पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपविषयीच्या शोधांमध्ये ३४०० टक्के वाढ झाल्याचे ‘मेकमायट्रिप’ या प्रवास-आरक्षण कंपनीने त्या वेळी जाहीर केले. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्या भारतीयांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. त्यातील काही भाग लक्षद्वीपकडे वळेल, अशी अपेक्षा तेव्हा व्यक्त झाली.

राजधानीच्या चर्चेत लक्षद्वीप येण्याची ही पहिली वेळ नव्हती. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी १९८७ च्या डिसेंबरअखेरीस कुटुंबीय आणि मित्रांसह बंगारम या बेटावर सुट्टी घालवली होती. तीन दशकांनंतर, मे २०१९ मध्ये, दिल्लीतील प्रचारसभेत मोदी यांनी त्या सुट्टीसाठी ‘आयएनएस विराट’ या युद्धनौकेचा वापर झाल्याचा आरोप केला; नौदलाच्या काही निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बेटावरची सुट्टी कोणाचीही असो, तिच्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही समुद्रापलीकडून आणावे लागते.

बेटे किती लहान आहेत?

लक्षद्वीप ३६ बेटांचा समूह मानला जातो. त्यांपैकी कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेत्लत, बित्रा, अंद्रोथ, कल्पेनी आणि मिनिकॉय या १० बेटांवरच वस्ती आहे. सर्व बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. दिल्लीचे क्षेत्रफळ १४८३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एका दिल्लीत अशी ४६ लक्षद्वीपे मावतील.

छायाचित्रांत ही बेटे ओस भासतात. प्रत्यक्षात तेथे दाट वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजार ४७३ आणि घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २१५० होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती. त्यामुळे पर्यटक जेथे उतरतो ते स्थळ निर्जन किनारा नसून माणसांनी भरलेले गाव असते आणि त्या गावाला आपल्या हद्दीबाहेर वाढण्यास जागा नसते.

पोहोचण्याची साधनेही मोजकीच आहेत. ही बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर असून जहाजाला साधारण १४ ते १८ तास लागतात. विमानतळ एकच, अगत्तीला. त्याची धावपट्टी सुमारे १२०० मीटर लांबीची असल्याने तेथे लहान विमानेच उतरू शकतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरील सर्वांत लांब धावपट्टी ४४३० मीटरची आहे. दिल्लीहून निघालेल्या प्रवाशाला म्हणूनच बहुतेकदा आधी कोची गाठावे लागते आणि तेथून जहाजात किंवा लहान विमानात जागा मिळवावी लागते.

परवान्याचा नियम काय आहे?

लक्षद्वीपमधील प्रवेश आणि वास्तव्य १९६७ च्या नियमांनुसार नियंत्रित केले जाते. बेटांवरील बहुसंख्य रहिवासी अनुसूचित जमातींमध्ये मोडतात. त्यांच्या हितांचे रक्षण हा या निर्बंधांमागील प्रमुख हेतू आहे. बेटांचे मूळ रहिवासी नसलेल्या भारतीयांनाही प्रवेशासाठी प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. हा परवाना व्यक्तिगत असतो आणि तो ठरावीक बेटांसाठी व ठरावीक मुदतीसाठी दिला जातो.

मित्रांच्या गटाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हॉटेलची खोली एकाच्या नावावर घेता येते, परवाना मात्र प्रत्येकाला स्वतःच्या नावावर लागतो. ओळखपत्र, छायाचित्र आणि पोलिसांचा पडताळणी दाखला अशी कागदपत्रे त्यासाठी मागितली जातात. गटातील कोणी दिल्लीत, कोणी गाझियाबादमध्ये, कोणी फरिदाबादमध्ये राहत असेल, तर तीन राज्यांच्या पोलिसांकडून दाखले मिळवावे लागतात आणि त्यांना लागणारा वेळ सारखा नसतो. कागदपत्रांच्या यादीत वेळोवेळी बदल होत असल्याने विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी लक्षद्वीप प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घेणे हिताचे ठरते.

पर्यटनाची व्यवस्था मुख्यतः प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेमार्फत चालते. तिच्या ‘समुद्रम्’ या जहाज-सहलीची आखणी लक्षात घेण्याजोगी आहे. पर्यटक दिवसा कवरत्ती, कल्पेनी किंवा मिनिकॉयवर उतरतात आणि मुक्कामासाठी जहाजावर परततात. त्यामुळे आंघोळ आणि निवासाचा बराचसा भार बेटावर पडत नाही. ही आखणी का सोयीची ठरते, हे बेटावरच्या पाण्याचे गणित पाहिल्यावर उमगते.

बेटावर गोडे पाणी येते कोठून?

लक्षद्वीपमध्ये नदी, ओढा किंवा धरण नाही. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहे. वर्षाला सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूतून खाली झिरपतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते जमिनीखालील समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहते. मध्यभागी जाड आणि कडांना पातळ असा हा थर भिंगाच्या आकाराचा असतो. बेटावरील विहिरी याच थरातून पाणी घेतात.

या रचनेचा एक नियम आहे. विहिरीतून उपसा वाढला की वरची पातळी थोडीशी खाली जाते. पण तळाशी खारे पाणी त्याच्या कित्येक पटींनी वर सरकते. सिद्धांतानुसार वरची पातळी एक मीटरने खालावल्यास तळाची सीमा सुमारे ४० मीटर वर येऊ शकते. लहान बेटावर हा थर मुळात काही मीटरच जाड असतो. त्यामुळे अतिउपसा झालेली विहीर खारट होण्यास वेळ लागत नाही आणि ती पुन्हा गोडी होण्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. दुसरा धोका सांडपाण्याचा. शोषखड्ड्यातले पाणी त्याच वाळूतून त्याच थरात मिसळते. विहीर आणि शौचालय यांत पुरेसे अंतर ठेवायला इतक्या लहान बेटावर जागाच अपुरी पडते.

बेटाची किंमत गोड्या पाण्यावरून ठरते, हे मराठी वाचकाला नवे नाही. मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना त्या विहिरींनीच किल्ल्यातील वस्तीला आधार दिला.

विहिरींवरील ताण कमी करण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. त्यात पृष्ठभागावरील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ केली जाते आणि साडेतीनशे मीटरहून अधिक खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप केली जाते. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती येथे असे प्रकल्प सुरू झाले. कदमत येथील रोज दीड लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

कवरत्तीच्या प्रकल्पाची उभारणीच्या वेळची क्षमता रोज एक लाख लिटर होती. बेटाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ११ हजार होती. हिशेब केला तर माणशी रोज नऊ लिटर पाणी मिळते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ते पुरते. पण दिल्लीच्या घरातील आंघोळीची एक बादलीही त्यात भरत नाही. शिवाय पंप चालवणारी वीज बहुतांशी डिझेलवर तयार होते आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येते.

दिल्लीहून मालेला पाणी

बेटावरील पाण्याची साखळी तुटल्यास काय होते, याचे उदाहरण शेजारच्या मालदीवमध्ये दिसले. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी माले येथील पाणी शुद्धीकरण प्रकल्पाला आग लागली आणि संपूर्ण शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा थांबला. भारताने ‘ऑपरेशन नीर’ हाती घेतले. हवाई दलाच्या अवजड मालवाहू विमानांनी दिल्लीहून तमिळनाडूतील अरक्कोणममार्गे बाटलीबंद पाणी मालेला पोहोचवले. पाठोपाठ नौदलाची ‘सुकन्या’ आणि ‘दीपक’ ही जहाजे पाणी घेऊन गेली.

मालदीवमध्ये पर्यटन १९७२ पासून वाढत गेले. एका बेटावर एकच रिसॉर्ट आणि त्याची स्वतःची पाणी-वीज यंत्रणा, ही तेथील पद्धत. तिला जवळपास १२०० बेटांची जागा लाभली. तरीही कचऱ्याचा प्रश्न सुटला नाही. मालेजवळील थिलाफुशी हे बेट १९९० च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावानेच वाढत गेले. लक्षद्वीपकडे बेटे मोजकी आहेत आणि कचऱ्यासाठी वेगळे बेट राखणे परवडणारे नाही.

प्रवाळाची भिंत

पाण्याइतकाच नाजूक आधार प्रवाळाचा आहे. लक्षद्वीपची वाळू पांढरी दिसते, कारण ती प्रवाळाचा चुरा आहे. प्रवाळ खडकांवरील शेवाळ खरवडून खाणारे पोपटमासे खडकाचे कण गिळतात आणि वाळूच्या रूपाने बाहेर टाकतात. मोठ्या लाटा बाहेरच्या प्रवाळभिंतीवर आदळून फुटतात, म्हणून आतील खाजण शांत राहते. ट्युना पकडण्यासाठी गळाला लागणारे छोटे मासेही त्याच खाजणात मिळतात. थोडक्यात, जमीन, संरक्षण आणि उपजीविका या तिन्ही गोष्टी प्रवाळावर टिकून आहेत.

समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अंशभराने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या ऊतींमधील रंगीत सूक्ष्म शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपने हा आघात सोसला. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील २४ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित एका अभ्यासात जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास घसरल्याचे आढळले. मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पुन्हा तीव्र विरंजनाची नोंद केली.

भिंत दुबळी झाली की लाटा थेट किनाऱ्यावर येतात. बंगारमच्या प्रवाळवलयातील पराली-१ हे छोटे निर्जन बेट धूप होऊन पूर्णतः पाण्याखाली गेले आहे. २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला तडाखा दिला होता. समुद्राच्या उष्णतेसाठी पर्यटक थेट जबाबदार नसतो. परंतु आजारी प्रवाळावर पाय देणे, त्यावर होडीचा नांगर टाकणे किंवा त्याचा तुकडा तोडणे यामुळे त्याची सावरण्याची क्षमता आणखी घटते.

न्यायालय आणि नव्या योजना

लक्षद्वीपमध्ये बांधकाम किती असावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अगत्तीवरील एका रिसॉर्टच्या प्रकरणात न्यायालयाने मे २०१२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि बेटांच्या एकात्मिक व्यवस्थापन आराखड्याचा विचार तिच्याकडे सोपवला. विकासाचे मोजमाप प्रत्येक बेटाच्या परिस्थितीनुसार व्हावे, असा त्यामागील दृष्टिकोन होता.

दुसरीकडे पर्यटन वाढवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. टाटा समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत येथे प्रत्येकी ११० खोल्यांच्या दोन रिसॉर्टची घोषणा केली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात लक्षद्वीपसह बेटांवरील बंदर आणि पर्यटन सुविधांचा उल्लेख झाला. रोजगाराच्या मर्यादित संधी असलेल्या बेटांवरील तरुणांसाठी पर्यटन हा उत्पन्नाचा मार्ग आहे, हे नाकारता येत नाही. पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची सोय खोल्यांच्या आधी होते की नंतर, यावर त्या उत्पन्नाचे भवितव्य अवलंबून राहील.

अंदमानचा पर्याय

परवान्याचा सोपस्कार टाळू पाहणारे अनेक गट अंदमानकडे वळतात. दिल्लीहून श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, थेट विमानाने जाता येते आणि स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसारख्या पर्यटन बेटांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. अंदमान-निकोबारचे क्षेत्रफळ ८२४९ चौरस किलोमीटर असून २०११ मध्ये लोकसंख्या ३ लाख ८० हजार होती. डोंगर, जंगल आणि मुबलक पाऊस यांमुळे तेथील परिस्थिती वेगळी आहे. तरीही राजधानीचा पुरवठा मुख्यतः धनिखारी धरणावर अवलंबून असून कोरड्या महिन्यांत तेथे पाणीकपात करावी लागते.

तेथील निर्बंध आदिवासींच्या रक्षणासाठी आहेत. १९५६ च्या विनियमानुसार राखीव क्षेत्रांत प्रवेश करता येत नाही. जारवा क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावर वाहन थांबवणे, छायाचित्र घेणे किंवा खाद्यपदार्थ देणे मना आहे. सेंटिनेलींच्या बेटाजवळ जाण्यासही बंदी आहे. बाहेरचा साधा आजारही प्रतिकारशक्ती नसलेल्या त्या समूहासाठी प्राणघातक ठरू शकतो.

निघण्यापूर्वी काय ठरवावे?

मित्रांच्या सहलीत निर्णय घाईने आणि एकमेकांच्या उत्साहावर होतात. म्हणून काही गोष्टी दिल्लीतच ठरवणे योग्य ठरते.

परवाना : सर्वांचे परवाने हाती आल्याशिवाय परत न मिळणारी रक्कम भरू नये. परतीच्या जहाजाला किंवा विमानाला हवामानामुळे विलंब होऊ शकतो, हे गृहीत धरून कोचीत एक दिवस राखून ठेवावा.

मद्य आणि पेहराव : लक्षद्वीपमध्ये बंगारम वगळता दारूबंदी आहे. बहुसंख्य रहिवासी मुस्लिम असून गावांत अंग झाकणारा पेहराव अपेक्षित असतो.

पाणी आणि कचरा : नळ चालू ठेवून आंघोळ करणे टाळावे. पाण्याची स्वतःची बाटली वापरावी. प्लास्टिकची वेष्टने आणि बॅटऱ्या परत दिल्लीला आणाव्यात.

प्रवाळ आणि शिंपले : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. कायद्याचा भंग झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेंझोन हे रसायन प्रवाळाला अपायकारक मानले जाते. पलाऊ या बेट-देशाने २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख हा त्याला सोपा पर्याय आहे.

पोहणे : तरणतलावात पोहता येणे म्हणजे समुद्रात पोहता येणे नव्हे. किनाऱ्यावर आलेले पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जाते आणि माणसाला सोबत ओढून नेते. अशा प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे झेपावल्यास दमछाक होते. शांत राहून किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे. बुडणाऱ्या मित्रासाठी स्वतः उडी टाकण्याऐवजी तरंगणारी वस्तू फेकावी आणि जीवरक्षकाला बोलवावे. मद्यपानानंतर पाण्यात उतरू नये. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. ते रोज पाहावेत. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींच्या धोक्याचे फलक असतात. तेथे पोहणे टाळावे.

दिल्लीची मित्रमंडळी चार-पाच दिवसांनी परततात. कवरत्ती किंवा अगत्तीच्या कुटुंबाला मात्र त्याच विहिरीवर पुढच्या पावसापर्यंत दिवस काढायचे असतात. परवान्यावर लिहिलेली बेटाची नावे आणि मुदत ही त्या विहिरीच्या पाण्याशी जोडलेली आहेत, एवढे ध्यानात ठेवून निघालेला गट बेटावर पाहुणा म्हणून राहू शकतो.